दरोडेखोर माश्यांची बैठक आणि दप्तरातील कोरा रकाना

कीटकशास्त्राच्या ग्रंथांत ‘दरोडेखोर माश्या’ या नावाने जे कुल वर्णिले जाते, त्याचा विस्तार फार मोठा आहे. त्यातील सात हजारांहून अधिक जातींना आजवर शास्त्रीय नावे मिळालेली असून, अंटार्क्टिका वगळता पृथ्वीचा असा एकही खंड नाही की जेथे या कुलाने आपला अंमल बसविलेला नाही. उडत्या कीटकाला हवेतल्या हवेत गाठावे, काटेरी पायांच्या पकडीत आवळून धरावे, आखूड पण कठीण सोंड त्याच्या देहातील मऊ जागी खुपसून विषारी लाळ आत सोडावी, आणि त्या लाळेने आतील मांस विरघळले म्हणजे ते शोषून घ्यावे, ही या माश्यांची उपजीविका. या उपजीविकेला पंखांच्या वेगाइतकीच टेहळणीची जागाही लागते. वाळकी काडी, गवताचे टोक, नदीकाठची उघडी वाळू, पडलेल्या झाडाचे खोड, पानाचा उन्हात तापलेला पृष्ठभाग, अशी एखादी बैठक धरून माशी तेथे निश्चल बसते, भक्ष्य टप्प्यात येताच झेप घेते, आणि बहुधा त्याच जागी किंवा तिच्या शेजारी परत येऊन आपला घास संपविते.

या कुलातील मोठ्या जाती दोन इंचांपर्यंत वाढतात व त्यांच्या पंखांचा आवाजही ऐकू येतो. त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष जाण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. परंतु ज्यांची लांबी पाच-सात मिलिमीटरांच्या पुढे जात नाही, अशा लहान जातीही पुष्कळ आहेत, आणि डास-चिलटांच्या गर्दीत त्या सहज नजरेआड होतात. या लहान माश्या ओळखण्याची विद्या कोणी, कोठे आणि कोणत्या साधनांनी घडविली, आणि बैठकीची जागा ही त्यांची इतकी ठळक खूण असताना तिचा उल्लेख शास्त्राच्या दप्तरात दीडशे वर्षे का आला नाही, हा या लेखाचा विषय आहे. हा इतिहास युरोपात सुरू होतो, व्यापाराच्या गलबतांबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागतो, आणि आज आपल्या अंगणातील कुंपणापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

१७५८ साली स्वीडनमधील कार्ल लिनीअसने ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना द्विनामी पद्धतीने नावे दिली, आणि त्याच ग्रंथात दोन पंखांच्या कीटकांच्या गणामध्ये ‘आसिलस’ या वंशाची स्थापना केली. आज जे संपूर्ण कुल आहे, ते त्या वेळी एका वंशाच्या चौकटीत सामावलेले होते. त्यात गांधीलमाशीसारखी पिवळी-काळी दिसणारी थोरली जाती होती, आणि बाल्टिक समुद्रातील ज्या एलांड बेटावर लिनीअसने १७४१ साली प्रवास केला होता, त्या एलांडचे नाव धारण करणारी एक बारीक, काळी जातीही होती. लिनीअसचा देशबंधू व लोखंडाच्या कारखान्याचा धनी शार्ल डी गीर याने १७७६ साली अत्यंत कृश देहाच्या एका जातीचे वर्णन केले. तीच आज ‘लेप्टोगॅस्टर सिलिंड्रिका’ म्हणून ओळखली जाते. लहान दरोडेखोर माश्यांच्या नोंदवहीचे पहिले पान अशा रीतीने स्वीडनमध्ये लिहिले गेले. तथापि ही वर्णने अगदी त्रोटक असत. रंग कोणता, पाय कसे, पोटावर पट्टे किती, आणि प्राणी कोणत्या देशाचा, एवढा तपशील दोन-चार लॅटिन ओळींत सांगितला की लेखकाचे काम संपे. कारण त्या काळी जाती थोड्या ठाऊक होत्या, आणि तेवढ्यावर एक जात दुसरीपासून वेगळी काढता येत असे.

लिनीअसचा शिष्य योहान ख्रिश्चन फाब्रिसिअस याने या विद्येला निराळे वळण दिले. कीटकांचे वर्गीकरण त्यांच्या मुखावयवांवरून करावे, असा त्याचा सिद्धांत होता. जो जसे खातो तसे त्याचे मुख, आणि जसे मुख तसा त्याचा वंश, असे त्याचे तर्कशास्त्र होते. विचार खोल होता, परंतु पाच मिलिमीटरांच्या वाळलेल्या माशीची सोंड उघडून तिचे भाग मोजणे हे त्या काळच्या भिंगांना झेपणारे काम नव्हते. फाब्रिसिअसचा आपल्या देशाशी संबंध येतो तो येथेच. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजे युरोपियांचे ट्रँकेबार, हे ठाणे १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथील मिशनऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी जमविलेले कीटक गलबतांतून उत्तर युरोपात जात, आणि त्यांतील कित्येकांना फाब्रिसिअसने नावे दिली. सोनेरी झाक असलेली, लांबट पोटाची जी जाती आज ‘मिकोटॅमिया ऑराटा’ या नावाने ओळखली जाते आणि जी भारतात दूरवर आढळते, तिचे वर्णन त्याने १७९४ साली केले. आणि विशाल डोळ्यांच्या लहान माश्यांचा ‘डॅमॅलिस’ हा वंश त्याने १८०५ साली आपल्या द्विपंखी कीटकांवरील ग्रंथात स्थापन केला. हिंदुस्थानातील माश्या अशा प्रकारे शास्त्राच्या दप्तरी दाखल झाल्या. पण दाखल झाल्या त्या टाचणीवर बसून. त्यांची मूळची बैठक समुद्र ओलांडून गेली नाही.

१८०२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर लात्रेय याने या माश्यांना स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. त्याच सुमारास जर्मनीतील झोलिंगेन येथे जन्मलेला योहान विल्हेल्म मायगेन हा द्विपंखी कीटकांच्या अभ्यासाचा खरा पाया घालीत होता. शिकवण्या करून, फ्रेंच व चित्रकला शिकवून, नकाशे काढून उदरनिर्वाह करणाऱ्या या माणसाने आयुष्यभर माश्यांचा ध्यास घेतला. एकट्या मुखावर विसंबून राहण्याचा शिरस्ता त्याने मोडला, आणि पंखांतील शिरांची रचना, शृंगिकांचे आकार, डोळे, पाय, पोट अशा अनेक लक्षणांचा एकत्र मेळ घालून वंश ठरवावा, अशी पद्धत घालून दिली. पंख हा माशीचा असा अवयव आहे की जो वाळल्यावरही आकसत नाही, आणि त्यातील शिरांचे जाळे अगदी बारीक जातीतही साध्या भिंगाने वाचता येते. १८०३ साली त्याने ‘लेप्टोगॅस्टर’, ‘डायोक्ट्रिया’, ‘लाफ्रिया’ व ‘डॅसिपोगॉन’ हे वंश वेगळे काढले, आणि १८१८ ते १८३८ या वीस वर्षांत युरोपातील द्विपंखी कीटकांचे सात खंडांतील वर्णन प्रसिद्ध केले. त्याने स्वहस्ते रंगविलेली माश्यांची चित्रे पॅरिसच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. मायगेनपासून लहान माशी ओळखणे हे नजरेच्या अंदाजाचे काम राहिले नाही; त्याला पुरावा लागू लागला आणि तो पुरावा दुसऱ्याने पडताळून पाहण्याजोगा झाला.

यानंतरचा काळ हा दूरच्या मुलखांतून येणाऱ्या मालाचा काळ होय. कील येथील वैद्यकाचा प्राध्यापक विडेमान याने १८२८ ते १८३० या वर्षांत युरोपाबाहेरील द्विपंखी कीटकांवर दोन खंड लिहिले. ‘ऑमॅटिअस’ हा आपल्याकडे सर्वत्र आढळणारा वंश त्यानेच १८२१ साली स्थापन केला होता. फ्रान्समध्ये माकार याने १८३८ पासून परदेशी माश्यांची वर्णने छापली, आणि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात फ्रान्सिस वॉकर याने तेथे साठलेल्या नमुन्यांच्या याद्या एकामागून एक प्रसिद्ध केल्या. या कामाचा वेग इतका होता की एकाच जातीला दोन-दोन, तीन-तीन नावे पडली, आणि वॉकरच्या घाईमुळे झालेला गोंधळ निस्तरण्यात पुढच्या पिढ्यांतील विद्वानांची कित्येक वर्षे खर्ची पडली. या साऱ्या व्यवहाराचे स्वरूप पाहिले म्हणजे बैठकीचा उल्लेख का राहिला हे उमजते. माशी पकडणारा एक, ती पाठविणारा दुसरा, विकत घेणारा तिसरा आणि वर्णन करणारा चौथा; या चौघांमध्ये हजारो कोसांचे अंतर, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे टाचणीखालची बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर देशाचे नाव मावत असे, क्वचित गावाचे व पकडणाऱ्याचे मावत असे; माशी काडीच्या टोकावर होती की वाळूवर, हे विचारणारा कोणी नव्हता, म्हणून सांगणाराही कोणी नव्हता.

युरोपातील अभ्यास मात्र या काळात सूक्ष्म होत गेला. हेर्मान ल्योव्ह या जर्मन शिक्षकाने १८४७ ते १८४९ या काळात युरोपातील दरोडेखोर माश्यांवर विस्तृत प्रबंध लिहिला, आणि वाळूवर राहणाऱ्या लहान, रुपेरी माश्यांचा ‘स्टायकोपोगॉन’ हा वंश त्यात निश्चित केला. पुढे व्हिएन्नाच्या शिनरने १८६६ साली साऱ्या कुलाची नव्याने मांडणी केली. या परंपरेतून ओळखीची जी परिपाठी तयार झाली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. प्रथम पाहावयाचे ते मस्तक: दोन डोळ्यांच्या मध्ये माथ्यावर खोलगट भाग असणे आणि त्यात तीन साधे नेत्र असणे ही संपूर्ण कुलाची खूण. त्यानंतर चेहऱ्यावरील राठ केसांचा झुपका. धडपडणाऱ्या भक्ष्याच्या नख्यांपासून व नांग्यांपासून चेहऱ्याचे रक्षण करण्यास तो उपयोगी पडतो असे मानतात, आणि तो दाट आहे की विरळ यावरून वंश ओळखण्यास मदत होते. मग शृंगिका: ‘ऑमॅटिअस’मध्ये तिच्या टोकाच्या काडीला पिसासारखे केस असतात, आणि एवढ्या एका लक्षणाने हा वंश बहुतेक इतरांपासून वेगळा पडतो. मग पंख: त्यातील अमुक कोष्ठ कडेशी उघडे आहे की मिटलेले. मग पाय: नख्यांच्या बुडाशी ज्या मऊ गाद्या असतात त्या ‘लेप्टोगॅस्टर’मध्ये नसतात. आणि सर्वांत शेवटी नराच्या पोटाच्या टोकाशी असलेले जननांग, ज्याची घडण प्रत्येक जातीत निराळी असते आणि जे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून पाहिल्यावाचून लहान जातींच्या बाबतीत अखेरचा निवाडा देता येत नाही.

हिंदुस्थानात या विद्येला स्थानिक आसरा मिळाला तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी एन्रिको ब्रुनेटी नावाचा एक संगीतज्ञ कलकत्त्यात राहत होता. वाद्यवादन ही त्याची वृत्ती आणि माश्या हा त्याचा छंद; परंतु त्या छंदात त्याने इतकी गती मिळविली की ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सरकारी ग्रंथमालेतील द्विपंखी कीटकांवरचे तीन खंड १९१२, १९२० व १९२३ साली त्याच्या हातून लिहून झाले. दरोडेखोर माश्यांच्या वाट्याला मात्र त्या ग्रंथमालेत एकही खंड आला नाही. १९०९ साली मॅक्सवेल-लेफ्रॉय याने हाउलेटच्या साहाय्याने ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा शेतीच्या दृष्टीने कीटकांकडे पाहणाऱ्या हिंदुस्थानी वाचकांना या माश्यांची ओळख झाली. लंडनमध्ये गर्ट्रूड रिकार्डो या विदुषीने १९१९ ते १९२२ या काळात दक्षिण आफ्रिका व पौर्वात्य प्रदेश यांतील या कुलाच्या एका मोठ्या शाखेवर लेखमाला लिहिली. अमेरिकेत वृक्षांच्या रोगांवर व किडींवर काम करणाऱ्या स्टॅन्ली ब्रॉमली याने हिंदुस्थानातील नव्या जातींची वर्णने १९३५ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात छापली. १९६२ साली फ्रँक हल याने जगातील सर्व वंशांचा नऊशेंहून अधिक पानांचा समग्र ग्रंथ सिद्ध केला, आणि १९७५ साली ब्रिटिश संग्रहालयाच्या हॅरल्ड ओल्ड्रॉइड याने पौर्वात्य प्रदेशातील जातींची फेरिस्त तयार केली.

हा सारा काळ हिंदुस्थानी माश्यांचा अभ्यास मुख्यत्वे परक्यांच्या हाती होता. तो आपल्या हाती आला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेमुळे. १९१६ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या या संस्थेतील जोसेफ व पारुई या दोन अभ्यासकांनी अनेक वर्षे देशाच्या कानाकोपऱ्यांतील नमुने तपासले, आणि १९९८ साली भारतातील दरोडेखोर माश्यांवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. ‘लेप्टोगॅस्टर’, ‘स्टायकोपोगॉन’ व ‘ऑमॅटिअस’ या लहान माश्यांच्या शाखा याच भागात आल्या आहेत, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. त्याच संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात असल्यामुळे महाराष्ट्रातील नमुन्यांनाही जवळचे आश्रयस्थान लाभले आहे. जे काम फाब्रिसिअसच्या काळी तरंगमबाडीहून उत्तर युरोपापर्यंतच्या प्रवासावर अवलंबून होते, ते आता भारतातच होऊ शकते.

आता वळू या त्या कोऱ्या रकान्याकडे. जिवंत माशीचे आचरण हा शास्त्राचा विषय आहे, ही जाणीव विसाव्या शतकाच्या आरंभी प्रबळ झाली. ऑक्सफर्डचे प्राध्यापक पोल्टन यांनी भक्षक कीटक व त्यांचे भक्ष्य यांवर १९०६ साली मोठा निबंध सादर केला. त्यात दरोडेखोर माशी आणि तिच्या पकडीत सापडलेला कीटक यांची जोडी एकत्र जतन करण्याचा आग्रह होता. ज्या क्षणी भक्ष्य माशीबरोबर एका टाचणीवर आले, त्या क्षणी नमुन्याला जीवनाचा संदर्भ मिळाला. त्यानंतर १९२३ साली लिनीअसच्याच उप्साला नगरीतून डग्लस मेलिन याचा स्वीडनमधील दरोडेखोर माश्यांवरील तीनशे पानांचा प्रबंध बाहेर पडला. कोणती जाती कोठे बसते, कशी झेपावते, अंडी कोठे घालते, तिची अळी मातीत वाढते की कुजक्या लाकडात, याची पद्धतशीर हकीकत त्यात आहे. पुढे अमेरिकेतील वायोमिंग संस्थानाच्या गवताळ माळांवर रॉबर्ट लॅव्हिन व त्यांचे विद्यार्थी यांनी एकेका जातीचा जणू रोजनामाच लिहिला: सकाळी किती वाजता माशी जमिनीवर येते, त्या वेळी जमिनीचे तापमान किती, उन्हाकडे ती पाठ करते की कूस, किती अंतरावर झेप घेते, घास खाण्यास किती मिनिटे घेते, आणि भूमी फार तापली की ती गवताच्या काडीवर कधी चढते. दीडशे वर्षे जो रकाना कोरा राहिला होता तो भरण्यास अशा रीतीने प्रारंभ झाला.

या नोंदींतून सिद्ध झालेली गोष्ट अशी की बैठक ही माशीची लहर नव्हे. तिच्या देहाची घडण आणि तिची बैठक ही एकमेकांशी बांधलेली आहेत. ‘स्टायकोपोगॉन’ वाळूवर, नदीच्या कोरड्या पात्रात, समुद्रकिनारी किंवा उघड्या वाटेवर बसते. तिचे रुपेरी-करडे अंग वाळूत असे मिसळून जाते की ती उडाल्यावरच ती तेथे होती हे ध्यानात येते, आणि ती आपले भक्ष्य जमिनीलगत पकडते. ‘लेप्टोगॅस्टर’ गवतात राहते. तिचे लांब, बारीक शरीर गवताच्या काड्यांमधून अलगद वाट काढीत संथपणे फिरते, आणि उडत्या भक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी पानावर वा काडीवर स्वस्थ बसलेला बारीक कीटक ती उचलून नेते. ‘ऑमॅटिअस’ला झुडपातील बारीक डहाळीचे टोक प्रिय; रानाच्या कडेला, कुंपणाशी, बागेतल्या वाळलेल्या काटकीवर ती बसलेली दिसते. ‘डॅमॅलिस’चे शरीर कुबडे, डोके रुंद आणि डोळे पुढे आलेले, तीही काडीच्या अगदी शेंड्यावर बसते आणि डोके वळवून चोहोकडचा कानोसा घेते. उलट ‘लाफ्रिया’ व तिच्या जवळचे वंश पडलेल्या खोडांवर व रुंद पानांवर आढळतात, कारण त्यांच्या अळ्यांचे जीवन लाकडात जाते. म्हणून जाणता निरीक्षक माशी भिंगाखाली घेण्यापूर्वीच केवळ बैठकीवरून तिचे वंश दोन-चारांपर्यंत आणून ठेवू शकतो. पंखशिरा व जननांगे ही त्यानंतर त्या तर्काची शहानिशा करतात.

काडीचे टोकच का, या प्रश्नाचे अत्यंत समाधानकारक उत्तर २०१७ साली मिळाले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या त्या अभ्यासाचा विषय होता ‘होल्कोसेफाला फुस्का’ ही अमेरिकेतील तांदळाच्या दाण्याएवढी दरोडेखोर माशी, जिला ब्रॉमलीनेच १९५१ साली नाव दिले होते. दोरीला बांधलेला बारीक मणी हवेतून सरकवून आणि माशीच्या झेपेची अतिवेगवान छायाचित्रे घेऊन संशोधकांनी असे दाखवून दिले की तिच्या डोळ्याच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या नेत्रिकांमुळे तिची दृष्टी तिच्या आकाराच्या मानाने असाधारण तीक्ष्ण असते आणि अर्ध्या मीटरच्या आसपासच्या अंतरावरील भक्ष्य तिला दिसते. झेप घेताना ती भक्ष्याच्या मागे धावत नाही. भक्ष्याची दिशा आपल्या दृष्टीने सारखी एकाच कोनात राहील अशा बेताने पुढील भेटीच्या बिंदूकडे जाते. दोन जहाजे एकमेकांवर आदळणार की नाही हे दर्यावर्दी लोक ज्या नियमाने ओळखतात, तोच हा नियम. भक्ष्य सुमारे तीस सेंटिमीटरांवर आले की ती वेग कमी करते, मार्ग वळविते आणि त्याच्या गतीशी आपली गती जुळवून मागच्या बाजूने त्याला धरते. हा सारा प्रकार एका सेकंदाच्याही आत आटोपतो. या गणितासाठी भक्ष्य चोहोबाजूंच्या पसाऱ्यातून वेगळे दिसले पाहिजे. आणि काडीच्या टोकावर बसलेल्या माशीला वरचे मोकळे आकाश हा स्वच्छ पडदा आयताच मिळतो. तेव्हा काडीचे टोक हा या माशीच्या डोळ्याचाच बाहेर वाढलेला भाग आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

बैठकीच्या नोंदीचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. लिनीअसने वर्णिलेली ती गांधीलमाशीसारखी थोरली जाती इंग्लंडमध्ये दुर्मीळ होऊ लागली, तेव्हा तिच्या रक्षणाचा विचार तिच्या बैठकीवरूनच करावा लागला. कारण ती चराऊ कुरणातील गुरांच्या शेणावर बसून टेहळणी करते आणि शेणकिड्यांवर उपजीविका करते. गुरांना दिलेल्या जंतनाशक औषधांचा अंश शेणात उतरला तर शेणकिडे घटतात आणि त्यांच्याबरोबर ही माशीही संकटात येते, ही साखळी ती कोठे बसते हे माहीत असल्यामुळेच उलगडली. आपल्याकडेही हाच न्याय लागू होतो. नदीपात्रांतून वाळूचा बेसुमार उपसा झाला की वाळूवर बसणाऱ्या माशीची बैठक जाते. गावाबाहेरचे पडीक गवत पेटविले की गवतात फिरणारीचा आसरा जातो. बागेतील प्रत्येक वाळकी काटकी नीटनेटकेपणाच्या हव्यासाने छाटली की काडीच्या टोकावर बसणारीला टेहळणीचे ठिकाण उरत नाही. माशीचे नाव दप्तरात असून तिची जागा मात्र त्यात नसेल, तर ती केव्हा व का नाहीशी झाली याचा जाबही कोणाला देता येणार नाही.

आज हाती छायाचित्रयंत्र असलेला कोणताही जिज्ञासू मनुष्य हा रकाना भरू शकतो, आणि शास्त्राच्या इतिहासात सामान्य माणसाला एवढी मोठी संधी क्वचितच मिळालेली आहे. टाचणीवरच्या नमुन्यात जे हरवत असे, ते छायाचित्रात आपोआप येते. मात्र छायाचित्रात जननांगांची घडण बहुधा दिसत नाही, पंखशिरा अनेकदा अस्पष्ट राहतात, आणि म्हणून जातीचे नाव घाईने लावण्यापेक्षा वंशापर्यंत येऊन थांबणे हाच प्रामाणिकपणा होय. वॉकरच्या काळी जो गोंधळ झाला तो पुन्हा होऊ द्यावयाचा नसेल तर संग्रहालयातील अभ्यासक आणि रानातील निरीक्षक यांनी एकमेकांच्या कामाचा आदर राखला पाहिजे. एकाने नाव द्यावे, दुसऱ्याने जीवन सांगावे, आणि दोहोंचा मेळ एकाच नोंदीत बसावा.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताना कुंपणाच्या काडीवर, गवताच्या तुऱ्यावर वा नदीकाठच्या वाळूवर एखादी बारीक माशी निश्चल बसलेली व पुन्हा पुन्हा त्याच जागी परतणारी दिसली, तर तिला हाकलून न देता थोडा वेळ तिच्याजवळ थांबावे, आणि पुढील गोष्टी तारखेसह लिहून ठेवाव्यात: गाव कोणते, वेळ कोणती, ऊन होते की सावली, बैठक कशाची व जमिनीपासून किती उंच, माशी डहाळीच्या टोकावर होती की मध्ये, आणि तिच्या पकडीत काही होते काय. या नोंदीला खर्च नाही, परवाना लागत नाही आणि विद्वत्तेची अटही नाही. मायगेनने पंखांच्या शिरा वाचून जे कार्य आरंभिले, ते पुरे होण्यासाठी आता माशीच्या पायाखालची जागा वाचणे आवश्यक आहे. आणि महाराष्ट्रापुरते हे वाचन आपणच केले पाहिजे.